नाताळासाठी भट्टीवाचून खोबऱ्याच्या वड्या



नाताळाचा सण जवळ येऊ लागला म्हणजे आपल्या खेडोपाडीच्या मंडळ्यांतील घरोघरी एकच विचार सुरू होतो. मुलांच्या हातावर गोड काय ठेवावे, आणि शेजारच्या घरी ताट पाठवावयाचे ते कशाने भरावे? शहरचे लोक केक आणतात. परंतु केक व नानकटाई यांना भट्टी लागते, आणि ती खेड्यातील घरी क्वचितच असते. मग पीठ, साखर व तूप बांधून तालुक्याच्या बेकरीत न्यावे, जाण्यायेण्याचे भाडे व भाजणावळ द्यावी, नाही तर तयार डबे विकत घ्यावे. हाती पैसा नसला म्हणजे वाण्याच्या वहीत नाव चढते, आणि डिसेंबरात खाल्लेला गोड घास शिमग्यापर्यंत कडू लागत राहतो.

याकरिता आजच्या पाठात भट्टीवाचून घरच्या घरी होणाऱ्या खोबऱ्याच्या वड्यांची माहिती दिली आहे. नुसती कृती दिली असती तर चार ओळी पुरल्या असत्या. परंतु जो पदार्थ विस्तवावर शिजत नाही, त्यात विस्तवाचे काम दुसऱ्या कशाने तरी झाले पाहिजे. ते कशाने होते, हे ज्या बहिणीला समजले तिची वडी बिघडणार नाही व कोणाला बाधणारही नाही. उपदेशक बंधूंनी व महिला मंडळाच्या पुढारी भगिनींनी हा पाठ सणाच्या आठवडाभर आधी घ्यावा, म्हणजे जिन्नस पाहून आणण्यास अवकाश मिळेल.

१. नारळ आणि नाताळ

नाताळाच्या ताटात नारळ असणे ही आपल्या किनाऱ्यावरची जुनी चाल आहे. गोव्यात या दिवसांत शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे गोड पदार्थांचे ताट पाठवितात, त्या चालीला कोंसुआद म्हणतात. त्या ताटातील दोदोलात नारळाचा रस असतो, बोलिन्यांत खोबरे व रवा असतो, आणि नेवऱ्यांत नारळाचे सारण असते. परंतु बोलिन्ये भट्टीत भाजावे लागतात, आणि दोदोल तासन् तास कढईत घाटावा लागतो. इंग्लंडात कोकोनट आइस या नावाची दुरंगी वडी करतात. तिचा एक थर पांढरा व दुसरा गुलाबी असतो. ती पाक करूनही होते आणि पाकावाचूनही होते. पाकावाचून होणारी जी रीत, तीच या पाठातील पहिली रीत आहे.

२. विस्तवाचे काम कोण करते?

आपल्या नेहमीच्या नारळाच्या वडीत विस्तव दोन कामे करतो. एक, तो नारळातील व पाकातील पाणी उडवून लावतो, म्हणून वडी घट्ट होते. दुसरे, त्याच्या उष्णतेने सूक्ष्म जंतू मरतात. विस्तव वगळला की ही दोन्ही कामे आपल्या अंगावर येतात.

पहिले काम पाण्याचे. ओल्या नारळाच्या खोबऱ्यात वजनाच्या शेकडा सुमारे ४७ भाग पाणी असते. म्हणजे किलोभर ओल्या खोबऱ्यात जवळजवळ अर्धा किलो पाणीच आहे. सुक्या खोबऱ्यात तेच पाणी शेकडा ६ किंवा त्याहून कमी उरते. हे पाणी उन्हाने, वाऱ्याने किंवा कारखान्यातील ऊष्ण हवेने आधीच काढलेले असते. डब्यातील गोड आटीव दुधाचेही तसेच आहे. बाजारात याला कंडेन्स्ड मिल्क म्हणतात. दूध अशा रीतीने आटवून टिकविण्याचे पेटंट अमेरिकेत गेल बोर्डेन याने १८५६ साली मिळविले. त्यातील बहुतेक पाणी काढून त्यात पुष्कळ साखर घातलेली असते. म्हणजे आपल्या वडीला विस्तव लागत नाही असे नाही. तो दुसऱ्यांनी आधीच लावून ठेविला आहे. आपण त्यात पुन्हा पाणी घातले तर त्यांचे श्रम फुकट जातात.

वडी आवळून धरण्याचे काम खोबऱ्यातील तेल करते. खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठते. डिसेंबरात घाटावरच्या गावांत सकाळी बाटलीतील खोबरेल पांढरे व घट्ट झालेले आपण पाहतोच. वडीतही तेच घडते. थापलेले मिश्रण रात्रीच्या थंडीत आवळते. कोकणपट्टीत थंडी बेताची असते, म्हणून तेथे वडी आवळण्यास अधिक वेळ द्यावा.

३. खोबरे कोणते घ्यावे?

खोबरे तीन प्रकारचे मिळते. पहिले ओले, ते या कामास घेऊ नये. ओल्या नारळाच्या वड्या करणे झाल्यास त्या नेहमीप्रमाणे विस्तवावर आटवूनच कराव्या. न आटविलेला ओला नारळ साखरेत कालविला तर दुसऱ्या दिवशीच त्यास आंबूस वास येऊ लागतो.

दुसरे प्रकारचे खोबरे म्हणजे वाटीचे किंवा गोट्याचे. अखंड नारळ माळ्यावर आठ ते बारा महिने राहू दिला म्हणजे आतील पाणी आटते, गर करवंटीपासून सुटतो, आणि नारळ हलविला तर आत खुळखुळ वाजतो. तो फोडून जो अखंड गोळा निघतो तो गोटा. कर्नाटकातील तिपटूरची बाजारपेठ या खोबऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. तिसरा प्रकार म्हणजे पुडीत मिळणारा खोबऱ्याचा बारीक पांढरा कीस, ज्याला दुकानदार डेसिकेटेड कोकोनट म्हणतात. तो सर्वांत कोरडा असतो, आणि पहिल्या रीतीस तोच उत्तम.

खोबरे घेताना तीन परीक्षा कराव्या. प्रथम वास घ्यावा. खवट वास आला तर ते परत करावे, कारण खवटपणा साखरेने झाकत नाही. मग वाटीची आतली बाजू उजेडात पाहावी. हिरवी, पिवळी किंवा काळी बुरशी दिसली तर ती वाटी मुळीच घेऊ नये. शेवटी वाटी मोडून पाहावी. ती कडकन् मोडली तर सुकी, वाकून तुटली तर अजून ओलसर समजावी.

बुरशी खरवडून किंवा धुऊन खोबरे वापरण्याची सवय पुष्कळ घरांत आहे. ती सोडून द्यावी. एका जातीच्या बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष होते. ते यकृताचा नाश करते, आणि स्वयंपाकाच्या उष्णतेने ते पुरते जात नाही. १९७४ साली राजस्थान व गुजरात येथील आदिवासी गावांत बुरशी आलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली, ती याच विषाने. ती बुरशी नीट न सुकलेल्या खोबऱ्यावरही वाढते. वाटीची किंमत माणसाच्या जिवाहून थोडी आहे, हे ध्यानात ठेवून ती टाकून द्यावी.

४. पहिली रीत : आटीव दुधाची वडी

साहित्य : खोबऱ्याचा कोरडा कीस २०० ग्रॅम, चाळलेली पिठीसाखर २५० ग्रॅम, गोड आटीव दूध २५० ग्रॅम, चार-पाच वेलदोड्यांची पूड, आणि थाळीस लावण्यापुरते तूप. इतक्यात २० ग्रॅमच्या सुमारे ३५ वड्या होतात. आटीव दुधाचा डबा ४०० ग्रॅमचा असेल तर तो एकदम संपवावा. त्यास साखर ४०० ग्रॅम व कीस ३२० ग्रॅम घ्यावा, म्हणजे सुमारे ५६ वड्या होतील. डबा फुगलेला किंवा गळका असल्यास तो उघडूच नये. वजन काट्यावरच करून घ्यावे. वाटीने मापल्यास हलका कीस व जड साखर यांचे प्रमाण चुकते.

कृती :

पहिली पायरी. परात, थाळी, चमचा व सुरी साबणाने धुऊन उन्हात कोरडी करावी. ओले भांडे पुसून घेणे पुरेसे नाही. फडक्यात ओल व मळ राहतो.

दुसरी पायरी. साखर चाळून कीस व वेलदोड्याची पूड तीत मिसळावी. कोरडे जिन्नस आधी एकजीव झाले म्हणजे पुढे गुठळ्या होत नाहीत.

तिसरी पायरी. मधोमध आळे करून आटीव दूध थोडे थोडे ओतावे व चमच्याने कालवावे. चमचा फिरेनासा झाला म्हणजे धुतलेल्या कोरड्या हाताने मळावे. मिश्रण भाकरीच्या पिठापेक्षा घट्ट असावे. हाताला चिकटत असेल तर मूठभर कीस घालावा. भुगा होत असेल तर आटीव दूध चमचाभर वाढवावे. पाणी किंवा साधे दूध एक थेंबही घालू नये.

चौथी पायरी. थाळीला तुपाचा हात लावून मिश्रण बोटाच्या एका पेराएवढे जाड थापावे, व वाटीच्या सपाट बुडाने दाबून सारखे करावे.

पाचवी पायरी. थाळीवर धुतलेले पातळ फडके टाकून ती रात्रभर थंड जागी ठेवावी. घट्ट झाकण घालू नये, कारण वरची ओल निघून जाणे अवश्य आहे. मुंग्यांची भीती असल्यास मोठ्या परातीत पाणी घालून मध्ये वाटी उपडी ठेवावी व तिजवर थाळी ठेवावी.

सहावी पायरी. सकाळी सुरीने रेघा ओढून वड्या कापाव्या. कडा मऊ वाटल्या तर आणखी अर्धा दिवस थांबावे. वड्या उन्हात सुकवू नये. उन्हाने तेल सुटून त्या बसतात.

५. दुसरी रीत : गूळखोबऱ्याचे लाडू

आटीव दुधाचा डबा प्रत्येक घराला परवडेल असे नाही. त्याकरिता ही रीत आहे, आणि ती पहिलीहून कमी दर्जाची मुळीच नाही. गूळखोबरे ही आपल्या आजीपणजीची मिठाई आहे.

साहित्य : सुक्या वाटीचे किसलेले खोबरे २५० ग्रॅम, मऊ गूळ २०० ग्रॅम, भाजून निवविलेले तीळ १०० ग्रॅम, थोडे जायफळ. यात २५ ग्रॅमचे सुमारे २२ लाडू होतात.

गूळ किसून पसरावा व खडा, काडी वेचून काढावी. फार पिवळाधमक गूळ शोधत बसू नये. तांबूस गूळ चवीला चांगला लागतो. प्रथम तीळ खलात किंवा उखळात कुटावे, मग खोबरे घालून कुटावे, आणि शेवटी गूळ घालावा. कुटता कुटता दोहोंचे तेल सुटते व गूळ मऊ होतो, म्हणून पाकाची गरज राहत नाही. मूठ आवळली असता गोळा मोडत नाही असे झाले म्हणजे लाडू वळावे. लाडू फुटू लागले तर पाण्याचा हात लावू नये. आणखी थोडे कुटावे, तेल आपोआप सुटेल.

६. हात आणि जंतू

आता विस्तवाचे दुसरे काम. साखर व कोरडेपणा यांमुळे जंतूंची वाढ थांबते. परंतु जे जंतू आधीच आत गेले ते मरत नाहीत, नुसते निपचित राहतात. हा भेद फार महत्त्वाचा आहे. १९५३ साली ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात विषमज्वराची साथ आली. शोध करता तिचे मूळ पापुआहून आलेल्या सुक्या खोबऱ्याच्या किसात सापडले. खोबरे कोरडे होते, तरी त्यात रोगाचे जंतू जिवंत होते. अखंड नारळाच्या आत मळ नसतो. तो फोडल्यावर माणसाच्या हातांनी, पाण्याने, जमिनीवरील धुळीने व माश्यांनी घाण आत जाते. पुढे खोबऱ्याचे तुकडे किसण्यापूर्वी कढत पाण्यातून काढण्याची रीत कारखान्यांत सुरू झाली, ती याच कारणाने.

आपल्या घरी यातून काय घ्यावे? एक, कीस बंद पुडीचा, तारीख न उलटलेला घ्यावा. सुटा कीस किंवा वाटीचे खोबरे असेल तर ते किसून तव्यावर मंद विस्तवावर चार-पाच मिनिटे चांगले गरम करावे. रंग बदलू देऊ नये, आणि पुरते निवल्यावरच साखरेत घालावे. याने धोका कमी होतो, पुरता जात नाही. म्हणून मुळात खोबरे चांगले निवडणे हे पहिले. दोन, हात साबणाने मनगटापर्यंत चोळून धुवावे, नखे कापलेली असावी, आणि मधेच कोणी बाळाला उचलले, शेणाला हात लावला किंवा पैसे मोजले तर पुन्हा धुवावे. तीन, ज्याला जुलाब, ताप किंवा हाताला पिकलेली जखम आहे त्याने त्या दिवशी वडी करण्यास बसू नये. तो भाऊ असो की बहीण, त्यास वेलदोडे सोलण्याचेही काम देऊ नये; त्याने दुसरे काम पाहावे.

७. रंगाविषयी

मुलांना गुलाबी वडी आवडते. परंतु बाजारात सुट्या पुडीत मिळणारा भडक गुलाबी रंग घेऊ नये. ऱ्होडामाइन-बी नावाचा एक रंग कापड वगैरे रंगविण्यासाठी असतो. तो खाण्यास मनाई आहे. तो सापडला म्हणून तामिळनाडू सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये साखरेच्या कापसाची, म्हणजे ज्याला आपण म्हातारीचे केस म्हणतो त्याची, विक्री बंद केली. आपणास रंग हवाच असेल तर बीट किसून कडकडीत वाळवावे, कुटून वस्त्रगाळ करावे, आणि अर्ध्या मिश्रणात चमचाभर ती पूड घालावी. बिटाचा ओला रस घातला तर पाणी शिरते. पांढरी वडी मात्र बिनरंगाचीच शोभून दिसते.

८. ठेवणे आणि वाटणे

पुरत्या आवळलेल्या वड्या व लाडू कोरड्या घट्ट झाकणाच्या डब्यात थंड जागी आठ-दहा दिवस चांगले राहतात. २२ तारखेस केल्या तर नववर्षाच्या दिवसापर्यंत पुरतात. १ ऑक्टोबर २०२० पासून मिठाईच्या दुकानदारांना सुट्या मिठाईपुढेही ती कोणत्या तारखेपर्यंत खावी हे लिहून ठेवण्याचा नियम लागू झाला. दुकानदाराने जे गिऱ्हाइकासाठी करावयाचे ते आपण शेजाऱ्यासाठी का करू नये? डब्यावर कागदाची चिठ्ठी लावून वड्या केल्याची तारीख लिहावी. वास, चव किंवा रंग पालटला तर वडी कोणास देऊ नये, गरिबाला तर नाहीच नाही.

ताट भरताना माणसे ओळखून भरावे. २० ग्रॅमच्या एका वडीत दहा-अकरा ग्रॅम साखर जाते, म्हणजे चहाचे सुमारे दोन चमचे. मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांना आग्रह करू नये. त्यांना फळ द्यावे. तान्ह्या मुलांच्या तोंडात वडीचा तुकडा देऊ नये, कारण कीस घशात अडकतो.

शेवटी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. आपल्या या देशात माणसाचा हात शुद्ध की अशुद्ध हे पिढ्यान् पिढ्या त्याच्या जन्मावरून ठरविले गेले. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबांच्या आजोबापणजोबांच्या हातचे पाणीही कोणी घेत नसे. त्यांचा हात कितीही धुतलेला असला तरी तो कोणी पाहिला नाही. आज ज्या घरी आपले नाताळाचे ताट जाते व आनंदाने घेतले जाते, ते घर आपल्या हातावर विश्वास टाकते. हात शुद्ध होतो तो साबणाने, पाण्याने व काळजीने, आणि ही शुद्धी कोणालाही साधते. म्हणून त्या ताटातील प्रत्येक वडी अशी असावी की ती खाऊन शेजारच्या लेकराचे पोटही दुखू नये. थोड्याच वड्या होवोत; परंतु त्या निर्मळ असोत, आणि कोणाचे देणे करून केलेल्या नसोत.

पाठानंतर विचारावयाचे प्रश्न

१. विस्तवावर न ठेविता वडी घट्ट कशी होते? खोबऱ्यातील तेलाचे काम सांगा.

२. ओल्या व सुक्या खोबऱ्यात पाणी किती असते? ओले खोबरे या रीतीस का चालत नाही?

३. बुरशी आलेली वाटी खरवडून का वापरू नये?

४. साखरेने जंतू मरतात की नुसते थांबतात? १९५३ सालच्या साथीवरून आपण काय शिकतो?

५. मिश्रण कोरडे झाले तर काय घालावे, आणि काय कदापि घालू नये?

६. आपल्या मंडळीतील ज्या घरी यंदा सणाला काहीच होणार नाही, अशी घरे कोणती? त्यांच्यासाठी चार बहिणींनी मिळून एका डब्याच्या ५६ वड्या करण्याचे आज ठरवाल काय?